गारपगारी

हिवाळा सरत आला की भिलाईच्या वैशाली नगरात मोबाइलवरून छत्तीसगडचा एक नकाशा फिरू लागतो. त्यात जिल्हे रंगवलेले असतात, हिरवे, पिवळे, नारिंगी, क्वचित लाल. बाजूला वीज, वारा आणि गारा यांची छोटी चित्रे. घराघरांत तो पाहिला जातो आणि बहुतेक वेळा न वाचताच पुढे पाठवला जातो. हा नकाशा रायपूरच्या हवामान केंद्रातून निघतो, आणि रायपूरचे केंद्र नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या अखत्यारीत आहे. राज्य वेगळे, राजधानी वेगळी, कचेरीची भाषा वेगळी. आभाळाचा कारभार मात्र अजून नागपूरकडे आहे.

त्याला इतिहास आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथेच राहून कारभार पाहू लागले. मधला काही काळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातात गेला तो सोडला, तर १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख भोसल्यांचा. पुढे १८६१ साली मध्यप्रांत झाला, १९०३ साली वऱ्हाड त्याला जोडला गेला, १९०६ साली दुर्ग जिल्हा निघाला, आणि या सगळ्याची राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छत्तीसगड नव्या मध्यप्रदेशात राहिले. तोवर भिलाईच्या कारखान्याचा रशियाशी करार झालेला होता. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि नागपूर-भंडाऱ्याकडची पुष्कळ माणसे त्या भट्टीच्या मागे इकडे आली. माणसांची सरहद्द १९५६ साली आखली गेली. ढगांची आखायची कुणाला गरज वाटली नाही, आणि ते बरेच झाले. कारण फेब्रुवारीत जे ढग दुपारी गोंदियाच्या बाजूला दिसतात, ते संध्याकाळी राजनांदगाव-दुर्गावर आलेले असतात.

हिवाळी वादळाचा इशारा म्हटला की आता आपल्याला शिकागो-टोरांटोकडच्या नातेवाइकांनी पाठवलेली चित्रे आठवतात: दारापर्यंत साचलेले बर्फ, बंद रस्ते, दुकानांतली रिकामी फडताळे. मध्य भारताच्या मैदानात हिवाळ्याचे वादळ तसे येत नाही. इथे ते पाऊण तासात येऊन जाते आणि त्याचे नाव गारपीट. मराठीत 'गार' हा एकच शब्द थंड पाण्यालाही लागतो आणि आभाळातून पडणाऱ्या दगडालाही. छत्तीसगडीत तिला 'करा' म्हणतात, आणि त्याच्या मागे संस्कृतातली 'करका' उभी दिसते. शेजारच्या दोन बोलींनी एकाच भयाला दिलेली ही दोन नावे. पण त्या भयासाठी एक स्वतंत्र माणूस नेमण्याची कल्पना, आणि त्याला नावासकट गावगाड्यात जागा देण्याची तऱ्हा, ही मराठी मुलखाची.

तो माणूस म्हणजे गारपगारी.

रॉबर्ट व्हेन रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा जो ग्रंथ १९१६ साली काढला, त्यात गारपगाऱ्यांवर एक छोटे टिपण आहे. रसेल हे प्रांताच्या जातिवर्णनाच्या कामावर नेमलेले अधिकारी. हिरालाल कटनीकडचे, गावोगाव हिंडलेले, शिलालेख वाचणारे. टिपणातले बरेचसे बारकावे हिरालालांसारख्या माणसाशिवाय मिळणे कठीण, असे ते वाचताना वाटत राहते. गारपगारी मूळचे नाथपंथी जोगी. गारपीट टाळण्याचे काम करता करता त्यांची वेगळी जात झाली. वस्ती मुख्यतः प्रांताच्या मराठी जिल्ह्यांत. गावाच्या पिकाला गारांपासून राखायचे आणि त्याबद्दल सुगीला शेतकऱ्यांकडून धान्य घ्यायचे, हे त्यांचे काम.

रात्री आभाळात तांबडे आणि काळे मिसळले, धूर आणि ज्वाळा एकत्र दिसाव्यात तसा रंग आला, की गारा येणार हे गारपगारी ओळखे. मग तो हातात तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही आणि ढग पांगव म्हणून विनवी. विनवणीने भागले नाही तर धमकी. अंगावरचे कपडे टाकून देई, मी इथेच जीव देतो म्हणे. कधी बायको-मुलांना सोबत उभे करी आणि त्यांनाही मारीन म्हणून देवाला धाक घाली. पूर्वी तो खरोखर अंगावर वार करून घेई, असे सांगत. रसेल-हिरालालांच्या काळापर्यंत ते बोटातून थोडे रक्त काढण्यावर आले होते. पोटचा मुलगा बळी दिल्याच्या गोष्टीही त्यांच्या कानावर आल्या होत्या.

हे वाचून आज अंगावर काटा येतो, आणि यावा. पण भक्तिभावाचा आणि रक्ताचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तर काय उरते ते पाहण्यासारखे आहे. गव्हा-हरभऱ्याच्या दिवसांत रात्री आभाळाकडे पाहत राहणे हे ज्याचे नेमलेले काम आहे असा एक माणूस गावात आहे. त्याच्याकडे ढगाच्या रंगावरून अंदाज बांधण्याची पिढीजात शिकवण आहे. त्याचे पोट त्या अंदाजाशी बांधलेले आहे. आणि तो मारुतीच्या देवळापुढे ओरडू लागला की गावाला आपोआप कळते की आज काहीतरी येते आहे. त्याला ढग पांगवता येत नव्हते. पण तो गावाला जागे करत होता, आणि ही गोष्ट रसेलच्या टिपणात कुठे म्हटलेली नाही. त्यांना त्यात विधी दिसला, पहारा दिसला नाही. माझ्या मते पहारा हीच त्या पदाची खरी बाजू होती. जोंधळ्याच्या राशी झाकायला, जनावरे गोठ्यात घ्यायला, लेकरांना कुडाच्या भिंतीपासून आत ओढायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास गारपगारी देत असणार.

टिपणाच्या शेवटी एक बारीक चिमटा आहे. गारपगाऱ्याच्या शक्तीविषयी लोकांत शंका वाढत चालली आहे, शेतकरी काही देत नाहीत किंवा एखादी पेंढी देऊन वाटेला लावतात, आणि त्यामुळे काही गारपगारी खाटेची नवार विणू लागले आहेत, काही शेतीला लागले आहेत, अशा आशयाचे ते निरीक्षण आहे. अडाणी प्रजेला हळूहळू शहाणपण येत असल्याचा सूर त्यात आहे. तो सूर ऐकताना युरोपात त्याच वेळी काय चालले होते हे माहीत असलेले बरे.

१८९६ साली ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क प्रांतात विंडिश-फाइस्ट्रिट्झ नावाच्या गावी, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातल्या स्लोवेन्स्का बिस्ट्रिट्सा इथे, आल्बर्ट श्टिगर नावाच्या नगराध्यक्षाने द्राक्षमळे वाचवण्यासाठी आभाळाकडे तोंड केलेल्या तोफा डागायला सुरुवात केली. नळकांड्याला कर्णा लावलेल्या, नुसत्या दारूच्या, गोळा नसलेल्या तोफा. पहिल्या वर्षी गारा पडल्या नाहीत. एवढ्यावर ते वेड इटलीपर्यंत पसरले, हजारो तोफा उभ्या राहिल्या आणि १८९९ पासून पुढची काही वर्षे त्यावर आंतरराष्ट्रीय परिषदाही भरल्या. मग रीतसर चाचण्या झाल्या. तोफा डागूनही गारा पडल्या आणि प्रकरण मिटले. त्याआधी तर शतकानुशतके युरोपातली खेडी वादळ दिसले की चर्चच्या घंटा वाजवत आली होती, आणि ओल्या दोराला धरून उंच मनोऱ्यात उभे असलेले घंटावाले विजेने मरत आले होते. आमच्या गारपगाऱ्याचे बोटावरच भागत होते. (गार-तोफ अजून मेलेली नाही. हिमाचलच्या सफरचंदांच्या बागांत ती पुन्हा आली आहे आणि जागतिक हवामान संघटना तिला शास्त्रीय आधार नाही असे सांगून थकली आहे.)

सरकारचे हवामानखाते या सगळ्यात कुठे होते? ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर चक्रीवादळ आले आणि हुगळीच्या मुखाशी लाटेने हजारो माणसे नेली. बळींचा आकडा साठ हजारांच्या आसपास सांगतात. दुसऱ्याच वर्षी कलकत्ता बंदरात वादळाच्या इशाऱ्याची सोय झाली. दिवसा डोलकाठीवर शंकू आणि नळकांडी, रात्री दिवे. १८७५ साली भारतीय हवामानखाते स्थापन झाले, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. खात्याचे मुख्यालय कलकत्त्याहून १९०५ साली सिमल्याला, १९२८ साली पुण्याला आणि १९४४ साली दिल्लीला गेले. पुण्यातल्या त्या दगडी इमारतीला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात आणि बसवाल्यांना त्याच नावाने थांबा सांगतात. पुण्यातच १९३२ साली कृषी-हवामानाचा विभाग निघाला, एल. ए. रामदास यांनी तो उभा केला. आणि शेतकऱ्यांसाठी म्हणून हवामानाची वार्तापत्रे रेडिओवरून सुरू झाली १९४५ साली. त्याच सुमारास नागपूर हे खात्याचे प्रादेशिक केंद्र झाले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र तर १९४८ चे.

१८६५ आणि १९४५. जहाजाला इशारा मिळाल्यानंतर नांगराला इशारा मिळायला ऐंशी वर्षे लागली. यात कुणाचा दुष्टावा होता असे नाही. जहाजात विमा उतरवलेला माल होता, बंदराला तार होती, आणि समुद्रावरचे वादळ शेकडो किलोमीटर रुंद असून कित्येक दिवस चालते, त्यामुळे ते पकडता येत होते. गारांचा ढग चार-दोन कोस रुंद आणि तास-दीड तास जगणारा. तरीही त्या ऐंशी वर्षांत, किनाऱ्यापासून दूर या मध्यप्रांतात, आभाळाकडे पाहून गावाला हाक देणारा पगारी माणूस एकच होता. ज्या दशकांत त्याची पेंढी बंद होत गेली, त्या दशकांत त्याच्या जागी दुसरे कुणी आलेले नव्हते.

खात्याने गारांकडे दुर्लक्ष केले असेही म्हणता येत नाही. ३० एप्रिल १८८८ ला रोहिलखंडात मुरादाबादच्या परिसरावर जी गारपीट झाली, तिची हकिकत ब्लॅनफर्ड यांच्यानंतर खाते सांभाळणाऱ्या जॉन इलियट यांनी नोंदवून ठेवली आहे. बदकाच्या जातीतल्या हंसपक्ष्याच्या अंड्याएवढ्या, संत्र्याएवढ्या, क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गारा. जागतिक हवामान संघटनेने २०१७ साली या घटनेला गारपिटीतल्या सर्वाधिक मनुष्यहानीची जागतिक नोंद म्हणून मान्यता दिली: २४६ माणसे. सोळाशेच्या आसपास शेळ्या-मेंढ्या. उघड्यावर सापडलेली माणसे गारांच्या माराने गेली, आणि कित्येक जण खाली पडल्यावर गारांच्या थंडीनेच गेले. एकाहून अधिक लग्नाची वऱ्हाडे नदीकाठी गाठली गेली. एप्रिलची अखेर, लगीनसराई, मोकळे मैदान. हा तपशील मला आकड्याहून जास्त बोलका वाटतो, कारण आपल्याकडचे गारांचे दिवस आणि आपल्याकडचे लग्नाचे दिवस अजून तेच आहेत, आणि मांडव अजून कापडाचेच आहेत.

अशा नोंदींचे महत्त्व उलट्या उदाहरणावरूनही कळते. ६ जून १८८२ ला मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ येऊन एक लाख माणसे मेली, असे कित्येक याद्यांत छापलेले आढळते. संशोधकांनी त्या दिवसांतली वर्तमानपत्रे आणि हवामानाच्या नोंदी चाळल्या. असे वादळ झालेच नव्हते. न झालेले वादळ शंभर वर्षे टिकले. आणि वर्धा-नागपुरात एकेका तालुक्यावर खरोखर कोसळलेल्या किती गारपिटींचा मागमूस फक्त सारामाफीच्या कागदांत असेल! मराठेशाहीच्या दप्तरात त्यासाठी एक जोडशब्द होता, 'अस्मानी-सुलतानी'. सुलतानीचा हिशेब इतिहासकारांनी पुष्कळ केला. अस्मानीचा फार थोडा.

मध्यप्रांताला अस्मानीने किती खोल नेले ते १८९० नंतरच्या दशकात दिसले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ सर्वांना ठाऊक आहेत. ते पाऊस न पडल्यामुळे झाले. पण त्याआधीची दोन-तीन वर्षे सागर, दमोह, जबलपूर आणि नर्मदेच्या खोऱ्यात हिवाळी पाऊस अवेळी आणि अती झाला, गव्हावर तांबेरा पडला, आणि शेतकरी दुष्काळ यायच्या आधीच खचला होता. छत्तीसगडची गोष्ट थोडी वेगळी. इथे मुख्य पीक धान. ते डिसेंबरपर्यंत घरात आलेले असते. फेब्रुवारीच्या गारा पडतात त्या उभ्या धानात पेरलेल्या लाखेवर, म्हणजे इथल्या तिवऱ्यावर, आणि हरभऱ्यावर, जवसावर, भाजीपाल्यावर. गरिबाचे दुसरे पीक जाते. सरकारी कागदावर ते लहान नुकसान दिसते, कारण मोठे पीक वाचलेले असते.

गारा हिवाळ्याच्या शेवटीच का, याचे उत्तर नकाशातल्या पिवळ्या रंगामागे आहे. भूमध्य समुद्राकडून हिवाळाभर थंड हवेच्या लाटा पूर्वेकडे येत राहतात. हवामानखाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. त्या बहुतेक हिमालयावर बर्फ टाकून जातात. एखादी दक्षिणेकडे झुकली आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारा छत्तीसगड-विदर्भात शिरला, तर खाली उबदार ओल आणि वर कोरडी गोठवणारी हवा अशी मांडणी होते. दुपारच्या उन्हाने जमीन तापली की ओल जोराने वर उसळते. ढगात पाण्याचे थेंब शून्याखालीही न गोठता तरंगत असतात. एखाद्या बर्फकणाला ते चिकटत जातात, वरचा झोत त्याला पेलत राहतो, आणि पेलवेनासा झाला की तो खाली येतो. पावसाळ्यात ढग याहून मोठे असतात, पण तेव्हा शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरच्या वर असते. गार जमिनीवर येईतो विरघळून टपोरा थेंब होते. फेब्रुवारीत ती पातळी खाली उतरलेली असते. विरघळायला वाट पुरत नाही. लिंबाएवढी गार जमिनीवर येते ती मोठ्या वेगाने, आणि वाऱ्याची जोड मिळाली तर तिरपी येते, म्हणून नुसत्या छपराखाली उभे राहून भागत नाही, भिंतही लागते.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर हेच झाले, पण एकदा नव्हे, दोन-अडीच आठवडे रोज कुठे ना कुठे. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर-नाशिककडचा पट्टा. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्षाचे घड, डाळिंब, आंब्याचा मोहर. शेतात गारांचा थर, झाडांखाली मेलेले पक्षी. आधीच्या वर्षी मराठवाड्याने मोठा दुष्काळ काढला होता. २०१४ ची रब्बी ही त्यावरची भरपाई होती. आणि ५ मार्चला सोळाव्या लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली. गारा पडत आहेत, पंचनामे व्हायचे आहेत, आणि मदत जाहीर करायला निवडणूक आयोगाकडे पाहावे लागते आहे, असा तो मार्च. अस्मानीच्या मागोमाग सुलतानी येते ती अशी, कायदा पाळूनही. आज पीकविम्यात गारपीट ही स्थानिक आपत्ती धरतात आणि शेतकऱ्याने ७२ तासांत नुकसान कळवायचे असते. ज्याचे छप्पर उडाले आहे आणि गावात वीज नाही, त्याला ७२ तास हे फार नसतात.

शहरातल्या माणसाला गारपीट हा पाच मिनिटांचा तमाशा वाटतो. वैशाली नगरासारख्या वस्तीत गच्चीवर पत्र्याची शेड असते, तिच्यावर विटा ठेवलेल्या असतात, कूलर बाहेर टांगलेला असतो, कुंड्या कठड्यावर असतात. ताशी साठ-सत्तरच्या वाऱ्यात यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी डोक्यावर जाऊ शकते. नारिंगी रंग दिसला की त्या विटा आणि कुंड्या खाली उतरवणे हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे. गारा वेचायला पोरे धावतात ती पहिल्या गारांबरोबर, आणि मोठ्या गारा बहुधा थोड्या नंतर येतात. खिडकीच्या काचेपासून दूर, पक्क्या भिंतीच्या आत. शेतात सापडलात तर डोक्यावर घमेले, टोपली, दुमडलेले पोते, जे हाताला येईल ते. पण एकट्या महुआच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली जायचे नाही, कारण या ढगात गारेपेक्षा वीज जास्त माणसे मारते. देशात विजेने वर्षाला दोन हजारांहून अधिक बळी जातात, आणि त्यांतले बहुतेक शेतात किंवा झाडाखाली असतात. वीज चमकल्यापासून गडगडाट येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील तर आत जायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचे नाही. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने केलेले 'दामिनी' नावाचे ॲप आसपास पडणाऱ्या विजेची खबर देते. हाच गारपगाऱ्याचा अर्धा तास, आता खिशात.

थंडीची लाट हा या नकाशाचा दुसरा, शांत भाग. तिची व्याख्या ठरलेली आहे: मैदानात किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली आले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असले की लाट, ४ अंश किंवा त्याखाली गेले तर सरासरी न पाहताच लाट. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता. २०१२ साली केंद्राने थंडीची लाट आणि दंव हे आपत्तीच्या यादीत घातले, त्याआधी थंडीने मेलेला माणूस सरकारी मदतीच्या दृष्टीने आपत्तीत मेलेला नसे. इथे कोळसा स्वस्त आणि हाताशी, त्यामुळे शेगडी घरात येते, दार लावले जाते, आणि सकाळी दार उघडावे लागते ते बाहेरून. झोतभट्टीच्या वायूत पाचव्या हिश्श्याहून जास्त जो कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याची भीती कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराला पहिल्याच आठवड्यात घातली जाते. तोच वायू, बिनरंगाचा, बिनवासाचा, घरातल्या शेगडीतून निघतो हे त्याच कामगाराच्या घरी सांगावे लागते. खिडकी चार बोटे उघडी ठेवायची आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर काढायची, एवढेच ते काम.

गारपगाऱ्यांची कुटुंबे आजही पूर्व विदर्भात आहेत. शेती करतात, नोकरी करतात. नाव राहिले, तलवार गेली. त्यांच्या कामाची जागा घेणारे रडार नागपुरात आहे. बरीच वर्षे दुर्ग-भिलाईवरच्या ढगांकडे पाहणारे जवळचे डॉप्लर रडार तेच होते, आणि नागपूर ते भिलाई हे सरळ रेषेतले अंतर सुमारे २४० किलोमीटर. रडारचा झोत सरळ जातो, पृथ्वी मात्र खाली वाकत जाते. इतक्या अंतरावर सर्वांत खालचा झोतही जमिनीपासून पाच किलोमीटरहून उंच असतो. म्हणजे नागपूरला आमच्या ढगाचा माथा दिसतो, जिथे गार वाढते ती जागा दिसते. ती गार खाली कुठल्या शिवारात पडली, कुठे विरघळून गेली, ओढ्याच्या अलीकडे पडली की पलीकडे, हे त्यात दिसत नाही. रडार जवळ आले तरी ढगाखालच्या शेवटच्या टप्प्यात काय झाले याचा अंदाजच बांधावा लागतो. ते पाहायला दुसऱ्या दिवशी सकाळी पटवारी मोटारसायकलवर निघतो, बांधावर उतरतो, हरभऱ्याचे एक ताट हातात घेऊन त्याला किती घाटे राहिले आहेत ते मोजतो आणि टक्क्यांच्या रकान्यात आकडा लिहितो.